नायसियाचा वाद कसा वाचावा: आधी एरियसला बोलू द्या

नायसियाचा मतांगिकार, म्हणजे ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेपासून चालत आलेली ख्रिस्ती श्रद्धेची कबुली, ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांनाच चौथ्या शतकातला वाद समजावून सांगणं सर्वांत अवघड जातं, असा माझा अनुभव आहे. निकाल आधीच माहीत असतो. एरियस चुकला, अथनेशियस जिंकला, पुढचं पान उलटा. मग ज्या प्रश्नाने छप्पन्न वर्षं मंडळ्या, शहरं आणि सम्राट ढवळून काढले, तो प्रश्न मनाला शिवतच नाही: पुत्र, म्हणजे ख्रिस्त, पित्याने निर्माण केलेला (एरियस), की पित्यासारखाच सदाचा देव (अथनेशियस)? मतांगिकार म्हणताना जीभ चालते आणि डोकं दुसरीकडे असतं.

मी अहिल्यानगरला शाळेत इतिहास शिकवत असे. आता मंडळीतल्या मोठ्या माणसांचा शास्त्राभ्यासाचा वर्ग घेते. वर्गात पतसंस्थेतले कारकून आहेत, नर्सिंग शिकणाऱ्या मुली आहेत, अर्धं बायबल पाठ असलेल्या आजी आहेत. या सगळ्यांबरोबर हा वाद वाचताना जी पद्धत बसत गेली, ती इथे मांडते. एकट्यालाही वापरता येईल, पण दोघं-चौघं जमले तर बरं, कारण हा वाद मोठ्याने वाचायचा आहे.

सुरुवातीला एक नियम मान्य करा. एरियसची बाजू त्याच्या शेजारी उभं राहून, त्याला पटेल अशा शब्दांत मांडता येत नाही, तोवर अथनेशियसचं उत्तर उघडायचं नाही. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या श्रद्धेला त्याने धोका पोहोचत नाही. उलट मतांगिकारातलं एकेक वाक्य कशासाठी आहे, ते त्याशिवाय कळतच नाही.

काय जवळ ठेवायचं

एक जाड वही, रंगीत पेन्सिली, बायबल, आणि थोडी कागदपत्रं. एरियसने निकोमीडियाचा बिशप युसेबियस याला लिहिलेलं पत्र. एरियसने आणि त्याच्या सोबत्यांनी आपला बिशप अलेक्झांडर याला पाठवलेलं श्रद्धानिवेदन. अलेक्झांडरचं इतर बिशपांना गेलेलं पत्र. सम्राट कॉन्स्टंटाईनने दोघांना मिळून धाडलेलं पत्र. कैसरियाच्या युसेबियसने परिषदेनंतर आपल्या मंडळीला लिहिलेलं पत्र. आणि ३२५ सालचा मतांगिकार, त्याच्या शेवटच्या धिक्कारासह. यांची एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी भाषांतरं कॉपीराइटमधून मुक्त आहेत आणि इंटरनेटवर फुकट मिळतात. सगळी मिळून एका दुपारी वाचून होतील इतकी छोटी आहेत. मी वर्गासाठी त्यांतले उतारे मराठीत करून झेरॉक्स वाटते.

दोन युसेबियस आहेत, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. निकोमीडियाचा युसेबियस राजदरबारात वजन असलेला, एरियसचा खंदा पाठीराखा. कैसरियाचा युसेबियस चर्चचा इतिहास लिहिणारा विद्वान, एरियसबद्दल सहानुभूती असलेला पण सावध. या दोघांची गल्लत झाली की पुढचं सगळं विस्कटतं.

कशावर भांडण नव्हतं, ते आधी लिहा

वहीच्या डाव्या पानावर दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या गोष्टी लिहा. देव एकच आहे. पुत्र जगाच्या आधी होता. जग त्याच्याद्वारे झालं. तो देह धारण करून आला, मेला, उठला. त्याची उपासना होते, त्याच्या नावाने बाप्तिस्मा होतो. हे सगळं एरियस मानत होता. येशू निव्वळ माणूस होता, असं एरियसने कधीही म्हटलं नाही. वर्गात नवीन आलेल्यांपैकी बहुतेकांचा समज नेमका तोच असतो, म्हणून मी इथे थांबते आणि हे दोनदा वाचायला लावते.

मोबाइलवर फिरणारा एक मजकूरही इथेच बाजूला काढून टाका: "येशूला देव कॉन्स्टंटाईनने ठरवलं, मतदान घेऊन." तारखा ताडून बघा. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं "देवाच्या स्वरूपाचा असूनही" हे स्तोत्रासारखं वचन पौलाने पहिल्या शतकाच्या मध्याला, ५० ते ६२ या वर्षांच्या आसपास लिहिलं. सुमारे ११२ साली बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो, की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. तेव्हा कॉन्स्टंटाईनच्या जन्माला दीडशेहून अधिक वर्षं अवकाश होता. बायबलमधली पुस्तकं नायसियात निवडली गेली, हाही तसाच समज. परिषदेच्या वीस नियमांत त्याचा उल्लेख नाही. संत निकोलसने भर सभेत एरियसच्या थोबाडीत मारली, ही गोष्ट चौथ्या शतकातल्या एकाही कागदात नाही.

याआधीही वाद झाले होते, ते दोन ओळींत टिपून पुढे सरका. ख्रिस्ताचं शरीर नुसता भास होता, असं काहींचं म्हणणं होतं. त्यांच्याविरुद्ध अंत्युखियाच्या इग्नेशियसची पत्रं आहेत. रोममध्ये १९०च्या सुमारास चामड्याचा धंदा करणारा थिओडोटस म्हणत होता, की येशू माणूसच, पण त्याच्यावर वरून सामर्थ्य उतरलं. सबेलियसचं म्हणणं, पिता आणि पुत्र ही एकाचीच वेगवेगळी रूपं. ही सगळी मतं चर्चने नाकारली होती. अलेक्झांडरला लिहिलेल्या निवेदनात एरियस स्वतः सबेलियसचं, मानीचं, व्हॅलेंटिनसचं नाव घेऊन सांगतो, की आम्ही यांच्यापैकी नाही.

मग राहिलं काय? निर्माता आणि निर्मिती यांच्यामध्ये एक रेघ आहे. पुत्र त्या रेघेच्या कोणत्या बाजूला? उजव्या पानावर हा एकच प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहा.

एरियसच्या जागी उभे राहा

एरियस मूळचा लिबियाकडचा. अलेक्झांड्रिया या मोठ्या बंदराच्या शहरात बाउकालिस नावाच्या चर्चचा तो वडील, म्हणजे बिशपाच्या हाताखालचा धर्मसेवक. ३१८च्या सुमारास त्याचं आपल्या बिशपशी बिनसलं. अलेक्झांडर शिकवत होता की पिता सदाचा, पुत्रही सदाचा. एरियसला हे ऐकवेना.

त्याचा विचार पायरीपायरीने लिहा. देव म्हणजे ज्याला उगम नाही तो. पुत्र जन्मलेला आहे, म्हणजे त्याला उगम आहे. दोघांनाही उगम नसेल, तर दोन देव झाले. पुत्र पित्याच्या सत्त्वातून, म्हणजे त्याच्या मूळ असण्यातून, निघाला म्हणावं, तर देवाचा तुकडा पडला, देव एखाद्या देहासारखा विभागता येणारा झाला. हे दोन्ही नको असेल तर एकच वाट उरते: पुत्र पित्याच्या इच्छेने, शून्यातून, युगांच्या आधी झाला. अलेक्झांडरला तो लिहितो, की पुत्र ही देवाची परिपूर्ण निर्मिती आहे, पण इतर निर्मितींपैकी एक असावी तशी नव्हे.

त्याच्या नावावर असलेलं प्रसिद्ध वाक्य, "तो नव्हता, असं एकदा होतं", इथे बारकाईने बघा. त्यात "काळ" हा शब्द नाही. पुत्र काळाच्या आधीचा आहे, हे एरियसला मान्य होतं. वर्गात कोणी "एरियस म्हणतो, एक काळ असा होता..." अशी सुरुवात केली, की मी तिथेच थांबवते. प्रतिपक्षाचं म्हणणं अर्ध्या शब्दानेही वाकवायचं नाही.

आता अर्धं पान एरियस होऊन लिहा, "मी" म्हणून. हा भाग कोणीही गाळू नये. आमच्या वर्गात एका नर्सिंगच्या मुलीने तिचं अर्धं पान वाचून दाखवलं तेव्हा सगळे गप्प झाले. शेवटी एक आजी म्हणाल्या, "बाई, हा तर देवाचा मान राखायला निघालाय." त्या दिवशी वर्गाला वाद कळायला लागला. एरियसच्या म्हणण्यात आणखीही एक बळ आहे. गेथशेमाने बागेतली व्याकुळता, लाजरच्या कबरेपाशी आलेले अश्रू, वधस्तंभावरची तहान, हे सगळं तो पुत्राचंच मानतो. बदलणारा, दुःख सोसणारा पुत्र हा न बदलणाऱ्या देवासारखाच कसा, असा त्याचा सवाल आहे. त्याने आपलं म्हणणं "थालिया" नावाच्या पद्यरचनेतही मांडलं. फिलोस्टोर्गियस हा इतिहासकार सांगतो, की त्याने खलाशांसाठी, दळणाऱ्यांसाठी आणि वाटसरूंसाठी गाणी रचली. धर्मशास्त्र लोकांच्या तोंडी बसवायचं कसं, हे त्याला ठाऊक होतं.

वचनांचा तक्ता

आता बायबल उघडा. तीन रकाने आखा: वचन, एरियसच्या बाजूचा अर्थ, अलेक्झांडर-अथनेशियसच्या बाजूचा अर्थ. योहान १४:२८, योहान १०:३०, मार्क १३:३२, कलस्सै १:१५, इब्री १:३, फिलिप्पै २:६-११ आणि नीतिसूत्रे ८:२२ एवढी वचनं पुरेत. "हे वचन त्यांनी वाचलंच नाही" असं कुठल्याही रकान्यात लिहायचं नाही. दोन्हीकडच्या माणसांना शास्त्र पाठ होतं आणि प्रत्येक वचनाला त्यांच्याकडे उत्तर होतं.

"मी आणि पिता एक आहोत" हे वचन एरियसपंथीयांना अडचणीचं वाटत नसे. ते योहान १७:११ काढत: शिष्यांनीही तसंच एक व्हावं, अशी प्रार्थना येशू करतो, म्हणजे हे ऐक्य इच्छेचं आहे. "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" या वचनापाशी अथनेशियस म्हणतो, की थोर-लहान ही तुलना एकाच जातीच्या दोघांत होते. येशूने "पिता माझ्याहून वेगळ्या प्रकारचा" असं म्हटलेलं नाही. "त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही" या मार्कच्या वचनाला त्याचं उत्तर असं, की देवाचा सनातन शब्द म्हणून त्याला ठाऊक आहे, मनुष्य म्हणून त्याने आपलं अज्ञान पत्करलं. हे उत्तर सगळ्यांना पुरेसं वाटत नाही. मला स्वतःला ते वचन आजही थांबवतं. तिथे प्रश्नचिन्ह करा आणि ते खोडू नका.

सर्वांत जास्त वेळ नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायाला द्या. तिथे ज्ञान बोलतं. हे ज्ञान म्हणजे ख्रिस्तच, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. आजच्या वाचकाला इथेच नवल वाटतं, पण त्या काळाचं वाचन तसं होतं. त्यांच्या हातातल्या ग्रीक जुन्या करारात बाविसाव्या ओवीत "प्रभूने मला निर्माण केलं" असं आहे आणि पंचविसाव्या ओवीत "मला जन्म देतो" असं आहे. एरियसची बाजू पहिल्या क्रियापदाच्या उजेडात दुसरं वाचते: जन्म म्हणजे निर्मितीच. दुसरी बाजू उलट जाते. अथनेशियसने एरियसपंथीयांविरुद्ध जी भाषणं लिहिली, त्यांतल्या दुसऱ्याचा मोठा भाग याच एका ओवीवर खर्ची पडला आहे. त्याचं म्हणणं, "निर्माण केलं" हे देहधारणाबद्दल आहे. कैसरियाच्या युसेबियसने मात्र मूळ हिब्रूकडे बोट दाखवलं, की तिथल्या क्रियापदाचा अर्थ "मिळवलं, आपलं केलं" असा होतो. एरियसला सहानुभूती देणाऱ्या माणसाने एरियसच्या हातातलं सर्वांत मजबूत वचन सैल केलं. बाजू आणि माणसं इतकी सरळ वाटली जात नाहीत, हे इथे शिकून घ्यावं.

तारणाचा प्रश्न विचारा

तक्ता भरला की सगळे एकाच ठिकाणी अडकतात: वचनं दोघांकडेही आहेत, मग निवाडा कसा? इथे दोन्ही बाजूंना दुसरा प्रश्न विचारा. तुमचं म्हणणं खरं असेल, तर माणसाचं तारण होतं कसं?

अथनेशियस इथे सर्वांत उंच जातो. नायसियात तो अलेक्झांडरचा तरुण डीकन, म्हणजे मदतनीस सेवक, होता, ३२८ साली स्वतः बिशप झाला. त्याचा मुद्दा साधा आहे. जो स्वतः निर्मित आहे तो निर्मितांना देवाशी जोडू शकत नाही. स्वतःलाच देवाकडून कृपा म्हणून जीवन मिळालेलं असेल, तर तो ते आपल्या मालकीचं म्हणून दुसऱ्याला देणार कसा? देहधारणावरच्या त्याच्या पुस्तकात एक धाडसी वाक्य आहे: तो मनुष्य झाला, यासाठी की आपण देव व्हावं. मंडळीत हे मोठ्याने वाचलं की लोक दचकतात. दचकू द्या, आणि त्याचा अर्थ लावा: देवाच्या स्वतःच्या जीवनात आपल्याला वाटा मिळावा, म्हणून देव स्वतः आला, त्याने दूत पाठवला नाही. दुसरा मुद्दा उपासनेचा. पुत्र निर्मित असेल तर त्याच्यापुढे गुडघे टेकणारी मंडळी निर्मितीची पूजा करते आहे, आणि बाप्तिस्म्यात एका निर्मात्याचं आणि एका निर्मिताचं नाव शेजारी घेते आहे.

माझं मत मी लपवत नाही. मला अथनेशियसचं हे म्हणणं पटतं, आणि वचनांच्या तक्त्यापेक्षा याने जास्त पटतं. क्रुसावर जो मेला तो देवाचा उत्तम सेवक होता की देव स्वतः, यावर माझी प्रार्थना अवलंबून आहे. पण एरियसला न्याय द्यायचा तर त्याचंही उत्तर लिहा: परिपूर्ण आज्ञाधारकपणाने चालून दाखवणारा पुत्र आपल्यालाही त्या वाटेने नेतो. तेही तारणच आहे, आणि ते पुष्कळांना जवळचं वाटलं.

मतांगिकार पेन्सिलीने वाचा

३२४ साली लिसिनियसला हरवून कॉन्स्टंटाईन पूर्वेचाही सम्राट झाला आणि त्याला हे भांडण वारशात मिळालं. त्याने कोर्दोबाचा बिशप ओसियस याच्या हाती दोघांना पत्र धाडलं, की अशा क्षुल्लक प्रश्नावरून का भांडता. हे पत्र अवश्य वाचा. प्रश्न क्षुल्लक नाही हे त्याला कळलं नव्हतं, आणि म्हणूनच पुढच्या वर्षी परिषद भरवावी लागली.

नायसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं तळ्याकाठचं इझ्निक. बिशप किती होते? परंपरा ३१८ म्हणते. तो आकडा उत्पत्ती १४:१४ मधल्या अब्राहामाच्या माणसांशी जुळतो. कैसरियाचा युसेबियस अडीचशेहून अधिक म्हणतो, अंत्युखियाचा बिशप युस्टेथियस सुमारे २७०. बहुतेक पूर्वेकडचे होते. रोमच्या बिशपाने आपल्या वतीने दोन वडील पाठवले. छळाचा काळ संपून जेमतेम बारा वर्षं झाली होती. छळात डोळा गमावलेला इजिप्तचा पाफनुशियस, तापल्या लोखंडाने हात निकामी झालेला निओकैसरियाचा पौल हे तिथे होते, असं नंतरचे इतिहासकार सांगतात. बादशहाला खूश करायला ही माणसं काहीही लिहून देतील, असं म्हणणाऱ्याने या दोघांकडे बघावं.

आता ३२५चा मजकूर समोर घ्या आणि फक्त एरियसला उत्तर म्हणून आलेले शब्द लाल पेन्सिलीने अधोरेखित करा. "म्हणजे पित्याच्या सत्त्वातून." "खऱ्या देवापासून खरा देव." "जन्मलेला, केलेला नव्हे." "पित्याशी एकसत्त्व." शेवटच्यासाठी ग्रीक शब्द होमोऊसिओस. तो बायबलमध्ये नाही, आणि त्याचा इतिहासही स्वच्छ नव्हता: २६८ साली अंत्युखियात समोसाटाच्या पौलाचा निषेध झाला, तेव्हा हाच शब्द नाकारला गेला होता. मग तो घेतला का? अथनेशियस सांगतो, की बिशपांना आधी शास्त्रातलेच शब्द हवे होते. "देवापासून" म्हणावं असं ठरलं, तेव्हा दुसरी बाजू एकमेकांना डोळ्यांनी खुणावू लागली. सर्व काही देवापासूनच आहे, असं पौलही करिंथकरांना लिहितो, मग आपल्याला काय हरकत? प्रत्येक शास्त्रवचन दोन्ही बाजूंना चालत होतं. दुसऱ्या बाजूला चालणारच नाही, असा शब्द शोधावा लागला.

मतांगिकाराच्या शेवटी धिक्काराचा परिच्छेद आहे. आपण जो म्हणतो त्यात तो नाही, म्हणून बहुतेकांनी तो पाहिलेलाच नसतो. "तो नव्हता असं एकदा होतं" म्हणणारे, "तो शून्यातून झाला" म्हणणारे, "तो बदलणारा आहे" म्हणणारे, यांना मंडळी धिक्कारते. तुम्ही एरियस होऊन लिहिलेलं अर्धं पान शेजारी ठेवा. प्रत्येक ओळ कुठून आली ते लगेच दिसेल. एरियसबरोबर सही नाकारून हद्दपारीत गेले ते दोघंच बिशप, सेकुंडस आणि थिओनास, दोघंही लिबियाकडचे.

३२५ला वही मिटू नका

सर्वसाधारण पुस्तकं इथे थांबतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. खरा वाद इथून पुढे आहे. वहीत आडवी रेघ ओढा, ३२५ ते ३८१. वर सम्राट लिहा, खाली परिषदा. निकोमीडियाच्या युसेबियसने मतांगिकारावर सही केली होती, तरी तो नंतर हद्दपार झाला, पण काही वर्षांतच परत येतो. ३३५ साली टायरच्या परिषदेत अथनेशियसला पदच्युत केलं जातं आणि सम्राट त्याला ट्रीरला पाठवतो. ३३६ साली एरियस कॉन्स्टँटिनोपलमध्ये मरतो. ३३७ साली मृत्युशय्येवर कॉन्स्टंटाईनला बाप्तिस्मा देतो तो निकोमीडियाचाच युसेबियस. मग त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस याच्या राज्यात एकामागून एक नवे मतांगिकार. ३५७ साली सिर्मियममध्ये "सत्त्व" हा शब्द वापरायचाच नाही असं ठरतं. ३५९ साली अरिमिनमला चारशेहून अधिक बिशप जमतात, म्हणजे नायसियापेक्षा जास्त, आणि दबावाखाली "पुत्र पित्यासारखा आहे" एवढ्यावर सही करतात. जेरोम पुढे लिहितो, की सारं जग कण्हलं आणि आपण एरियसपंथी झालो हे पाहून चकित झालं. अथनेशियस एकूण पाच वेळा हद्दपार झाला.

या काळात "एरियसपंथी" ही एकच गोणी करून सगळ्यांना त्यात भरू नका. ते नाव प्रतिपक्षाने दिलेलं आहे. चार रंग घ्या. पुत्र आणि पिता एकसत्त्व म्हणणारे. अंकिराच्या बासिलसारखे, सत्त्वाने सारखा म्हणणारे. अकाशियससारखे, नुसता सारखा म्हणणारे. आणि एटियस-युनोमियससारखे, सत्त्वाने वेगळा म्हणणारे. दुसरा गट पहिल्याच्या किती जवळ आहे, हे अथनेशियसने स्वतः ओळखलं आणि त्यांना भाऊ म्हटलं. ३६२ साली त्याने अलेक्झांड्रियात छोटी परिषद घेतली. तिथे "तीन हिपोस्टासिस" म्हणणाऱ्यांना आणि "एक हिपोस्टासिस" म्हणणाऱ्यांना समोरासमोर बसवून विचारलं, की तुम्हाला नेमकं म्हणायचं काय आहे. एक गट त्या शब्दाने व्यक्ती समजत होता, दुसरा सत्त्व. अर्थ कळल्यावर दोघांनी एकमेकांना मान्य केलं. या वादातली माझी सर्वांत आवडती घटना हीच.

अथनेशियसच्या लेखणीतूनच बहुतेक माहिती येते, म्हणून साक्षीदाराची तपासणी करा. त्याच्यावर आरोप होता की त्याने आर्सेनियस नावाच्या बिशपाचा खून करून हात तोडून घेतला. आर्सेनियस दोन्ही हातांसह जिवंत सापडला. हा आरोप खोटाच. पण त्याच वर्षांतलं पपायरसवरचं एक पत्र आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात अथनेशियसच्या माणसांनी विरोधी मेलिटियन गटाच्या लोकांना मारहाण केल्याचं लिहिलं आहे. दोन्ही टिपा एकाच पानावर लिहा. माणूस मोठा होता म्हणून त्याच्या बाजूचं सगळं स्वच्छ होतं, असं धरून चालू नये.

शेवटचे धागे कपदुकियाचे तिघं जुळवतात: बासिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी. एक सत्त्व, तीन व्यक्ती ही मांडणी त्यांनी स्थिर केली. ३८१ साली सम्राट थिओडोसियसच्या काळात कॉन्स्टँटिनोपलला दीडशे बिशप जमले. आपण उपासनेत म्हणतो तो मतांगिकार त्या परिषदेशी जोडलेला आहे. लाल पेन्सिलीचा मजकूर शेजारी ठेवून फरक शोधा: "पित्याच्या सत्त्वातून" गेलं, धिक्कार गेला, कुमारी मरिया आणि पंतय पिलात आले, "त्याच्या राज्याला अंत नाही" आलं, पवित्र आत्म्याचा परिच्छेद वाढला.

वर्गात वाद पेटला तर

पेटतोच, आणि पेटावा. निस्साचा ग्रेगरी कॉन्स्टँटिनोपलचं वर्णन करतो: सुट्टे पैसे मागा, दुकानदार जन्मलेला आणि न जन्मलेला यावर बोलतो, पावाचा भाव विचारा, उत्तर येतं पिता थोर आहे, न्हाणीचं पाणी तापलं का विचारा, नोकर म्हणतो पुत्र शून्यातून झाला. आणि दुसरा ग्रेगरी त्याच शहरात बजावतो, की देवाविषयी बोलणं हे प्रत्येकाने, प्रत्येक वेळी, कुणापुढेही करायचं काम नव्हे. मी दोन्ही उतारे वर्गाच्या सुरुवातीला वाचते. मग दोन गट करते आणि दर अर्ध्या तासाने बाजू बदलायला लावते. बोलणाऱ्याने आधी समोरच्याचं म्हणणं परत सांगायचं. समोरच्याने "हो, मी असंच म्हणालो" म्हटल्यावरच आपला मुद्दा मांडायचा.

एवढं झालं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. पुत्र पूर्ण देव असेल, तर तो पूर्ण माणूसही कसा? त्यावरच्या परिषदा ४३१ची एफेसस आणि ४५१ची खल्कदोन. आपल्या किनाऱ्याचा धागा इथे जुळतो. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा व्यापारी लिहितो, की "कल्लियाना" इथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे. बरेच अभ्यासक ते ठिकाण आपलं कल्याण मानतात. ते पर्शियाचं चर्च नायसियाचा मतांगिकार ४१० साली स्वीकारून बसलं होतं, पण एफेससने कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याच्याविरुद्ध दिलेला निकाल त्याने मानला नाही. एफेससपासून वाचायला बसणाऱ्यांनी अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने नेस्टोरियसला लिहिलेलं दुसरं पत्र आणि नेस्टोरियसचं उत्तर शेजारी शेजारी ठेवावं. दोन्ही छोटी आहेत, आणि दोघंही आपापल्या बाजूने नायसियाच्याच मतांगिकाराचा आधार घेतात.